संत अँथनीची आग आणि गव्हाचा पाव

मध्ययुगीन युरोपातील मठांमध्ये दरवर्षीच्या घडामोडींची नोंद ठेवण्याची पद्धत होती आणि युद्धे, दुष्काळ, धूमकेतू व राजांचे मृत्यू यांच्या या बखरवजा टिपणांत नवव्या शतकापासून एका विलक्षण रोगाचा उल्लेख येऊ लागतो. ऱ्हाइन नदीच्या परिसरातील क्सांटेनच्या नोंदवहीत इ.स. ८५७ या वर्षाखाली असे नमूद आहे की, अंगावर फोड येऊन सुजलेली माणसे किळसवाण्या रीतीने सडू लागली आणि मरणापूर्वीच त्यांचे अवयव गळून पडले. लॅटिन लेखक या रोगाला ‘पवित्र अग्नी’ म्हणत, कारण रोग्याच्या हातापायांत निखारा ठेवावा तशी आतून आग होई, तोच अवयव बाहेरून मात्र गार लागे, पुढे कातडी काळी पडून मांस वाळे आणि पुष्कळदा रक्ताचा थेंबही न सांडता सांध्यापासून बोट, पंजा किंवा अख्खा पाय सुटून येई. रोगाचे दुसरे रूप झटक्यांचे होते, ज्यात अंग पिळवटून निघे, स्नायू आखडत आणि रोगी भ्रमिष्टासारखा बरळू लागे.

रॅंस येथील इतिवृत्तकार फ्लोडोआर याने इ.स. ९४५ च्या सुमारास पॅरिस परिसरात पसरलेल्या या आगीची जी हकीकत लिहून ठेवली आहे, ती या संपूर्ण विषयाची किल्ली मानावी इतकी महत्त्वाची आहे. त्याच्या सांगण्यानुसार, जे रोगी पॅरिसमधील मेरीमातेच्या चर्चपर्यंत पोहोचू शकले ते वाचले, आणि तेथे जमलेल्या या लोकांना ड्यूक ह्यूग याने रोज स्वतःच्या कोठारातून अन्न पुरवले. त्यांपैकी काहींनी बरे वाटताच घरची वाट धरली तेव्हा विझलेली आग पुन्हा भडकली, आणि ते चर्चकडे परतल्यावर ती पुन्हा शमली. फ्लोडोआरच्या दृष्टीने हा मेरीमातेच्या कृपेचा निर्विवाद पुरावा होता. चर्चमध्ये असताना हे लोक ड्यूकच्या कोठारातील धान्य खात होते आणि घरी गेल्यावर स्वतःच्या कणगीतील, हा फरक त्याने लिहून ठेवला खरा, पण त्याकडे त्याचे लक्ष गेले नाही. पुढची सातशे वर्षे ते फारसे कोणाचेच गेले नाही.

तो फरक धान्यातील बुरशीचा होता. उत्तर आणि मध्य युरोपातील गरिबांचे मुख्य अन्न म्हणजे राय नावाच्या, गव्हाच्याच कुळातील पण हलक्या जमिनीत व कडक थंडीत तग धरणाऱ्या धान्याचा काळपट पाव. थंड आणि ओलसर वसंतऋतूत रायचे पीक फुलोऱ्यावर बराच काळ राहिले की अरगट नावाची बुरशी त्यात शिरते आणि कणसात दाण्याच्या जागी जांभळट काळ्या रंगाची, शिंगासारखी किंचित वाकलेली गाठ तयार होते. ही गाठ दाण्यांबरोबर कापली, मळली आणि दळली जाते. तिच्यातील अल्कलॉइड म्हणजे क्षारस्वरूप द्रव्ये रक्तवाहिन्या आवळून धरतात. हातापायांच्या टोकांना रक्त पोहोचेनासे झाले की ते भाग जिवंतपणीच मरू लागतात आणि मज्जासंस्थेवर परिणाम झाला तर झटके व भास सुरू होतात. साठवणीत या विषाचा जोर हळूहळू ओसरतो, त्यामुळे जुने धान्य शिल्लक असलेल्या घरापेक्षा नवे पीक हाती येताच ते दळून खाणाऱ्या उपाशी घराला धोका अधिक असे. दुष्काळामागून आलेल्या ओल्या वर्षांत हा रोग पसरलेला दिसतो तो याच कारणाने, आणि तो मुख्यतः गरिबांना गाठी तोही याच कारणाने.

आरंभी हा रोग कोणा एका संताचा नव्हता. इ.स. ९९४ मध्ये आक्विटेन प्रांतात आग पसरली तेव्हा लिमोज येथे बिशप एकत्र आले आणि संत मार्शल यांचे अवशेष लोकांच्या दर्शनासाठी बाहेर काढण्यात आले. ११३० च्या सुमारास पॅरिसमध्ये हेच काम नगराची रक्षणकर्ती संत जनव्हिएव्ह हिच्या अवशेषांच्या मिरवणुकीने केले. येथे ‘अवशेष’ या शब्दाचा अर्थ संतांची हाडे, वस्त्रे किंवा त्यांच्या देहाशी संबंध आलेली वस्तू असा घ्यावयाचा असून, संताची शक्ती त्यांत वास करते आणि स्पर्शाने, दर्शनाने किंवा त्यांवरून ओघळलेल्या द्रवानेही ती रोग्यापर्यंत पोहोचते अशी त्या काळाची श्रद्धा होती. प्लेगसाठी संत सेबॅस्टियन आणि नंतर संत रॉक, कुष्ठरोग्यांसाठी संत लाझरस, अशी रोगवार वाटणी मध्ययुगात हळूहळू पक्की होत गेली, आणि तिच्यात पवित्र अग्नी संत अँथनी यांच्या वाट्याला आला तो दक्षिण फ्रान्समधील एका खेड्यामुळे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. गोव्यात शिवोलीच्या चर्चमध्ये आणि मुंबई-वसई परिसरातील कित्येक घरांत ज्यांना नवस बोलले जातात ते संत अँथनी म्हणजे लिस्बनला जन्मलेले आणि १२३१ मध्ये निवर्तलेले पादुआचे अँथनी. आगीचे अँथनी त्यांच्याहून जवळजवळ नऊशे वर्षांनी जुने, इजिप्तच्या वाळवंटात एकांतवास पत्करणारे तपस्वी. परंपरेनुसार त्यांचा काळ इ.स. २५१ ते ३५६ असा धरला जातो. अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रामुळे ते ख्रिस्ती संन्यासमार्गाचे आद्यपुरुष ठरले, आणि सैतानाच्या दूतांनी नाना हिंस्र रूपे घेऊन त्यांना छळले, मारून अर्धमेले केले, ही त्या चरित्रातील कथा चित्रकारांना शतकानुशतके पुरली. त्यांचे अवशेष कॉन्स्टँटिनोपलला गेले आणि तेथून अकराव्या शतकात दोफिने प्रांतातील एका सरदाराने ते आपल्या मुलखात आणले, असे परंपरा सांगते. ज्या ला मोत नावाच्या गावात ते ठेवले गेले ते पुढे संताच्याच नावाने सेंट-आंत्वान म्हणून ओळखले जाऊ लागले.

ज्यांनी सैतानाची आग सोसली ते देहाची आगही विझवतील, असा या श्रद्धेमागचा तर्क असावा. पण या संताचे रूप केवळ कनवाळू नव्हते. अनादर झाला तर तेच आग लावतात अशी धास्ती लोकांत होती आणि ‘अँथनीची आग तुला जाळो’ या अर्थाची शिवी फ्रेंच बोलीत रूढ होती. मरीआई कोपली की पटकी येते आणि तिलाच शांत केले की ती गाव सोडते, हे मानणाऱ्या समाजाला या नात्यात काही परके वाटू नये.

परंपरेनुसार १०९५ मध्ये गास्तों नावाच्या दोफिनेतील सरदाराने, आपला मुलगा या रोगातून वाचल्याबद्दल कृतज्ञता म्हणून, ला मोत येथे रुग्णांची सेवा करणारा एक छोटा बंधुसंघ स्थापन केला. सुरुवातीचे हे सेवक धर्मगुरू नव्हते, दीक्षा न घेतलेले सामान्य गृहस्थ होते, आणि अवशेषांचे चर्च त्यांच्या ताब्यात नसून मोंमाजूर येथील बेनेडिक्टाइन मठाच्या साधूंकडे होते. एकीकडे दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंच्या देणग्या आणि दुसरीकडे त्याच यात्रेकरूंतील लंगड्या-लुळ्यांचा खर्च, अशी विभागणी झाल्यावर तंटा अटळ होता. तो दीडशे वर्षांहून अधिक चालला, प्रसंगी हातघाईवर आला, आणि अखेर बेनेडिक्टाइनांना ला मोत सोडावे लागले. १२९७ मध्ये पोप आठवे बोनिफेस यांनी अँथनीच्या सेवकांना, म्हणजे अँथनाइनांना, संत ऑगस्टीनच्या नियमाने चालणाऱ्या स्वतंत्र धर्मसंघाचा दर्जा दिला. त्यांचे मूळ घर मठाधिपतीचे पीठ झाले आणि त्यांच्या काळ्या झग्यावरील, कुबडीची आठवण करून देणारी निळ्या रंगाची ‘टाऊ’ ही टी-आकाराची खूण युरोपभर ओळखीची झाली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस या संघाची लहानमोठी शेकडो रुग्णालये फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन आणि त्यापलीकडेही पसरलेली होती.

या घरांना रुग्णालय म्हणताना आजचे चित्र मनातून काढून टाकावे लागते. मध्ययुगीन रुग्णालय हे धर्मशाळा, अन्नछत्र, वृद्धाश्रम आणि प्रार्थनास्थळ यांचे मिश्रण असे, तेथे वैद्य असेलच असे नाही, आणि आत्म्याची काळजी शरीराच्या आधी घेतली जाई. अँथनाइनांचे वेगळेपण हे की त्यांनी आपले दार एका रोगापुरते उघडे ठेवले. येणाऱ्याला खरोखर अँथनीची आगच झाली आहे की दुसरी एखादी जखम चिघळली आहे, याची तपासणी होई, मगच त्याला आत घेतले जाई. ज्यांचे हातपाय गेले त्यांच्यासाठी सेंट-आंत्वान येथे अवयव गमावलेल्यांचे वेगळे रुग्णालय होते आणि तेथे त्यांचा आयुष्यभर सांभाळ होत असे.

आत काय चाले याचे एक जवळून घेतलेले दर्शन इंग्लंडमधील लिंकनचे बिशप ह्यू यांच्या चरित्रात सापडते. १२०० साली, मृत्यूच्या काही महिने आधी, ते या गावी आले होते आणि त्यांच्यासोबत असलेल्या एनशमच्या अ‍ॅडम या साधूने तेथील दृश्य टिपून ठेवले. कोणाचा हात दंडापासून, कोणाचा पाय मांडीपासून गेलेला, पण थोटे झालेले भाग कातडीने नीट झाकले जाऊन जखमा भरलेल्या, आणि हे तरुण-म्हातारे, स्त्रिया-पुरुष एरवी धडधाकट होते, याचे त्याला आश्चर्य वाटले. संताच्या अवशेषांवरून ओतलेली वाइन रोग्याला पाजतात आणि सात दिवसांच्या आत तो एकतर बरा होतो किंवा वेदनांतून कायमचा सुटतो, असेही तो लिहितो. ही पवित्र वाइन येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला विधिपूर्वक तयार केली जाई आणि थोडीथोडी करून संघाच्या इतर घरांतही जाई. वाइनमुळे आवळलेल्या रक्तवाहिन्या किंचित सैलावत असतील, असा तर्क काही आधुनिक लेखक करतात. चमच्याभर द्रवाकडून एवढी अपेक्षा करणे जरा अतिच होय.

खरे औषध ताटात होते. अँथनाइनांच्या घरी रोग्याला गव्हाचा पाव मिळे, डुकराचे मांस मिळे आणि डुकराच्याच चरबीत वनस्पती मिसळून केलेले मलम जळजळणाऱ्या अंगाला लावले जाई. अरगट गव्हावरही पडतो, पण रायच्या मानाने फारच कमी. ज्याने वर्षभर काळा पाव खाल्ला त्याला येथे पाऊल टाकताच विषाचा पुरवठा बंद होत असे, आणि अवयव अजून पुरता मेलेला नसेल तर रक्त हळूहळू परतत असे. डुकरे ही तर या संघाची जंगम मालमत्ताच होती. ११३१ मध्ये फ्रान्सचा राजपुत्र फिलिप याच्या घोड्याच्या पायांत पॅरिसच्या रस्त्यावर डुक्कर आडवे येऊन त्यात राजपुत्राचा मृत्यू झाला होता आणि नगरांमध्ये मोकाट डुकरांवर निर्बंध येत गेले. तरीही गळ्यात घंटा बांधलेल्या अँथनीच्या डुकरांना अनेक शहरांत मुक्त हिंडण्याची मुभा होती आणि लोक पुण्य म्हणून त्यांना खाऊ घालत. संत अँथनींच्या पायाशी चित्रांत आणि मूर्तींत जे डुक्कर दिसते ते बहुधा या रुग्णालयांतूनच तेथे आलेले आहे. इजिप्तच्या वाळवंटातील कथेत त्याला काही स्थान नाही.

अवयव मेला असेल तर तो कापावा लागे, आणि हे काम पगारी शल्यकारांकडे असे. स्ट्रासबर्गचा शल्यकार हान्स फॉन गेर्सडॉर्फ याने १५१७ मध्ये जर्मन भाषेत छापलेल्या जखमांवरील उपचारांच्या ग्रंथात अशा शस्त्रक्रियेचा स्वानुभव दिला आहे: तेथील अँथनाइन रुग्णालयात आपण शंभर-दोनशे अवयव कापले असे तो सांगतो आणि कापलेल्या टोकावर जनावराचे मूत्राशय ओढून घट्ट बांधण्याची आपली रीत वर्णन करतो. ग्रंथातील प्रसिद्ध काष्ठमुद्रेत एका रोग्याचा पाय करवतीने कापला जात असताना मागे एक माणूस उभा दिसतो, ज्याचा हात कापून थोटकावर असे मूत्राशय बांधलेले आहे आणि अंगावर टाऊची खूण आहे.

एवढ्या पसाऱ्याला पैसा लागे आणि तो दारोदार फिरून गोळा केला जाई. संघाचे प्रतिनिधी ठरलेल्या मुलखात संतांच्या नावाने झोळी फिरवत, पापक्षालनाची आश्वासने देत, आणि त्यांच्यामागून खऱ्या-खोट्या अवशेषांच्या पेट्या घेतलेले तोतयेही फिरत. दान्तेने आपल्या महाकाव्यात अँथनीच्या पुष्ट डुकरावर टोला हाणला आहे, आणि बोकाचिओच्या ‘डेकामेरॉन’मधील फ्रा चिपोल्ला हा भाबड्या गावकऱ्यांना देवदूताचे पीस दाखवण्याचे वचन देऊन नाडणारा साधू संत अँथनीच्याच संघाचा आहे. दोघांची टीका रास्त होती. मात्र थोट्या माणसाला मरेपर्यंत पोसण्याचा खर्च याच झोळीतून भागत होता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

या संघाच्या श्रीमंतीने युरोपला एक असामान्य चित्रसंच दिला. आल्सास प्रांतातील ईझेनहाइमच्या घराचा प्रमुख गीदो गेर्सी याने चित्रकार माटिआस ग्र्यूनेवाल्ड याच्याकडून १५१२ ते १५१६ या काळात वेदीमागील पट रंगवून घेतला. त्याच्या गाभ्यातील लाकडी मूर्ती निकलाउस ऑफ हागेनाऊ याच्या मानल्या जातात. दारांसारख्या उघडणाऱ्या फळ्यांमुळे या पटाची तीन दर्शने होतात. सर्व फळ्या मिटलेल्या असताना समोर येतो तो क्रूसावरचा येशू, ज्याचे शरीर हिरवट पडलेले, काटे रुतलेल्या जखमांनी भरलेले आणि बोटे वेदनेने वेडीवाकडी ताणलेली आहेत, तर दोन बाजूंना प्लेगचे संत सेबॅस्टियन आणि आगीचे संत अँथनी उभे आहेत. क्रूस चित्राच्या बरोबर मध्यावर नाही, त्यामुळे फळ्या उघडताना येशूचा एक हात धडापासून वेगळा होतो, आणि खालच्या पट्टीतील चित्र दुभंगले की त्याचे पाय तुटल्यासारखे दिसतात. अवयव गमावलेल्या रोग्यांसाठी चित्रकाराने हे मुद्दाम योजले, असे काही अभ्यासक मानतात. पायांच्या बाबतीत हा योगायोगही असू शकेल, पण क्रूस सरकवण्यामागे काहीच हेतू नव्हता असे म्हणणे कठीण आहे.

सर्वांत आतल्या दर्शनात, मूर्तींच्या एका बाजूस, सैतानी जनावरे अँथनींना ओरबाडत आहेत आणि त्याच चित्राच्या डाव्या कोपऱ्यात एक माणूस पडलेला आहे: फुगलेले पोट, अंगभर गळवे, कातडी हिरवट, एक हात थोटा, आणि पायांना बदकासारखे पडदे. खाली कागदाच्या एका चिटोऱ्यावर, येशू इतका वेळ कुठे होता आणि जखमा बऱ्या करायला का आला नाही, अशी संतांची तक्रार लॅटिनमध्ये रंगवलेली आहे. मठातील वेदीमागच्या पटावर देवाला असा जाब विचारलेला असावा, आणि तो आजाऱ्यांसमोर ठेवलेला असावा, यावरून या घरातील धर्मभावना किती खडतर होती याचा अंदाज येतो. दुसऱ्या बाजूच्या फळीवर अँथनी आणि त्यांच्याहून वृद्ध संन्यासी पॉल बोलत बसले असून कावळ्याच्या जातीचा एक पक्षी चोचीतून पाव आणतो आहे, आणि दोघांच्या पायाशी रंगवलेल्या रोपट्यांपैकी अनेक त्या काळी औषधात वापरली जाणारी म्हणून ओळखता आली आहेत. हा पट आज कोलमार येथील उंटरलिंडेन संग्रहालयात आहे.

येथे इतिहासकाराने थोडे सावध राहणे इष्ट. ‘पवित्र अग्नी’ या नावाखाली विसर्प नावाचा त्वचेचा संसर्ग, साधी चिघळलेली जखम आणि अन्य कारणांनी झालेला कोथ हेही मोडत असले पाहिजेत, त्यामुळे टाऊची खूण ल्यालेला प्रत्येक माणूस अरगटाचा बळी होता असे मानता येत नाही. तसेच अँथनाइनांनी आहारशास्त्र शोधून काढले होते असेही नव्हे. रोग्याला चांगले खायला घालणे हे त्यांच्या लेखी औषध नसून दयाधर्म होता. बरा झालेला रोगी रायचा पाव खायला पुन्हा घरी जाई आणि पुढच्या ओल्या वर्षी त्याच दारात परत येई, हे त्यांनी पिढ्यानपिढ्या पाहिले असणार. त्याचे कारण त्यांच्यापाशी तयार होते: श्रद्धा ढिली पडली.

धान्याकडे बोट दाखवले गेले ते सतराव्या शतकात. पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा सदस्य देनी दोदार याने १६७६ मध्ये रायच्या कणसातील काळ्या गाठींचा या रोगाशी असलेला संबंध स्पष्टपणे मांडला, आणि ही गाठ म्हणजे विकृत दाणा नसून एका बुरशीची अवस्था आहे हे लुई रने त्युलान याने १८५३ मध्ये सिद्ध केले. तोपर्यंत अँथनाइन उरले नव्हते. धर्मसुधारणेच्या लाटेत जर्मनीतील अनेक घरे गेली, आणि १७७० च्या दशकात उरलासुरला संघ माल्टाच्या सरदारसंघात विलीन करण्यात आला. विषाचे मात्र औषध झाले. सुईणी अरगटाचा उपयोग कळा आणण्यासाठी फार पूर्वीपासून करीत होत्या; विसाव्या शतकात त्यापासून अर्धशिशीवरील अरगोटामाइन आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारे अरगोमेट्रिन वेगळे करण्यात आले. अरगोमेट्रिनपासून तयार झालेले औषध आजही भारतातील प्रसूतिगृहांत वापरात आहे. अल्बर्ट हॉफमन याने १९३८ मध्ये बनवलेले आणि भास निर्माण करणारे एलएसडी हेही याच वंशातले.

महाराष्ट्राला हा रोग सर्वस्वी परका नाही. बाजरीच्या कणसावरही अरगट पडतो, त्याची जात रायवरच्या जातीहून वेगळी असून विषद्रव्येही वेगळी आहेत, त्यामुळे हातपाय झडत नाहीत, पण मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी येते. १९५० च्या दशकात तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात आणि १९७५ मध्ये राजस्थानात अशी बाजरी खाल्ल्याने विषबाधेच्या साथी उद्भवल्या होत्या. कणसातून मधासारखा चिकट द्रव झिरपू लागणे हे पिकावरील या रोगाचे पहिले लक्षण होय. पेरणीपूर्वी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बाजरीचे बियाणे बुडवावे, वर तरंगणाऱ्या बुरशीच्या गाठी व हलके दाणे काढून नष्ट करावेत आणि तळाशी राहिलेले बियाणे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे, ही कृषी विभागाची जुनीच शिफारस आहे, आणि घरचेच बियाणे पेरणाऱ्याने ती अवश्य पाळावी.